उणे तीसमधलं नेट झिरो घर: भिंत आधी, पॅनल शेवटी

नेट झिरो घराचा, म्हणजे वर्षाला लागेल तेवढी ऊर्जा स्वतःच बनवणाऱ्या घराचा, विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, किती किलोवॅटचे पॅनल बसवले? कॅनडात अल्बर्टातल्या एडमंटन-कॅलगरीकडे घर बांधायला घेतलेल्या आपल्या मंडळींच्या ग्रुपवर पण तेच, कुणीतरी सोलरवाल्याचं कोटेशन टाकतं आणि मग इन्व्हर्टरच्या ब्रँडवरून काथ्याकूट सुरू. पॅनल लागतातच, नाही असं नाही, पण या सगळ्यातलं ते सगळ्यात सोपं काम आहे आणि पाच वर्षांनीही करता येतं. भिंतीचं तसं नाही. एकदा ड्रायवॉल, म्हणजे आतल्या बाजूची जिप्समची शीट, चढली, रंग लागला, की आतलं इन्सुलेशन वाढवायचं म्हणजे घर फोडायचं.

खालचे सगळे आकडे एडमंटन धरून दिलेत. इथे हीटिंगचा हिशोब बाहेर उणे ३० धरून करतात. टोरंटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टनवाल्यांना तो साधारण उणे १८-२० धरून करायचा असतो, त्यामुळे इन्सुलेशनचे आकडे थोडे खाली आणले तरी चालतील. कामाचा क्रम मात्र दोन्हीकडे तोच.

हे कॅनडात नवीन आहे असंही समजू नका. १९७७ साली सास्कॅचवानमधल्या रेजायनाला एक प्रात्यक्षिक घर बांधलं होतं, सास्कॅचवान कॉन्झर्व्हेशन हाउस, हॅरल्ड ऑर आणि त्यांच्या टीमचं काम. भिंती आर-४०च्या वर, छत आर-६० (आर म्हणजे उष्णता अडवायची ताकद, आकडा मोठा तितकं चांगलं), घर घट्ट बंद, हवेसाठी हीट एक्स्चेंजर आणि घर तापवणारी फर्नेस चक्क नाही. छतावर गरम पाण्याच्या सोलर ट्यूब्ज पण होत्या, त्या महाग आणि कटकटीच्या निघाल्या, पण भिंतींनी मात्र आपलं काम चोख केलं. पुढे जर्मनीत डार्मस्टाटला १९९१ मध्ये पहिलं पॅसिव्ह हाउस, म्हणजे अगदी कमी ऊर्जेत उबदार राहणारं घर, उभं राहिलं त्याच्या मागे हे पण एक घर होतं. आणि आमच्या एडमंटनला रिव्हरडेलमध्ये २००८ साली सोळा इंची भिंतींचं नेट झिरो ड्युप्लेक्स झालं. म्हणजे इथल्या थंडीत जमतं का हा प्रश्न कधीच निकालात निघालाय, बिल्डर "इथे नाही चालत हो असलं" म्हणाला तर समजून जा की त्याने केलेलं नाही.

सुरुवातीलाच ठरवा, झिरो नक्की कशाचं

नेट झिरो एनर्जी म्हणजे वर्षभरात घर जितकी ऊर्जा खातं तितकी छतावरून परत देतं. नेट झिरो एमिशन म्हणजे हिशोब कार्बनचा. दोन्ही एकच असल्यासारखं लोक बोलतात पण तुमच्या प्रांतात वीज कशाची बनते यावर फार फरक पडतो.

क्यूबेक, मॅनिटोबा, ब्रिटिश कोलंबिया इथे वीज जवळपास सगळी पाण्याची. ओंटॅरिओत अणुऊर्जा आणि पाणी मिळून बहुतेक. तिथे गॅस कनेक्शन घेतलं नाही आणि हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणणारं विजेचं मशीन, लावला की एमिशनचा बराचसा प्रश्न तिथेच मिटला. अल्बर्टाची गोष्ट वेगळी. इथला कोळसा २०२४ मध्ये बंद झाला, पण त्याची जागा मुख्यतः नैसर्गिक वायूने घेतली, त्यामुळे ग्रिडच्या एका युनिटमागे अजून अर्धा किलोच्या जवळपास कार्बन डायऑक्साइड पडतो. चांगली गॅस फर्नेस एक युनिट उष्णता द्यायला साधारण ०.१९ किलो सोडते. साधा इलेक्ट्रिक हीटर ग्रिडवर चालवला तर तिच्या दुपटीहून जास्त, आणि एका युनिट विजेत अडीच युनिट उष्णता देणारा हीट पंप चालवला तर जवळपास बरोबरी. आता यातून काय घ्यायचं? अल्बर्टात नुसतं गॅस काढून वीज लावल्याने फार मोठा तीर मारला असं होत नाही, मुळात लागणारी उष्णताच कमी करावी लागते. ग्रिड हळूहळू स्वच्छ होईल तसा हीट पंप आपोआप पुढे जाईल, गॅसची फर्नेस मात्र आज आहे तशीच राहील, म्हणून माझं मत गॅसची लाइन घेऊच नये. शिवाय इथल्या गॅसबिलात गॅसपेक्षा फिक्स्ड आणि डिलिव्हरी चार्जेसच डोळ्यात भरतात, लाइनच नसेल तर ते कायमचे गेले.

दुसरी गोष्ट, हिशोब वर्षाचा असतो पण थंडी तासाची असते. १३ जानेवारी २०२४ची संध्याकाळ इथे सगळ्यांना आठवत असेल, कडाक्याची थंडी, ग्रिडवर ताण, आणि फोन एकदम किंचाळायला लागले की वीज कमी वापरा. त्या वेळी अंधार पडलेला, अल्बर्टातल्या एकाही छतावर सोलर चालू नव्हतं. नेट झिरोचं सर्टिफिकेट असलेलं पण भिंती पातळ असलेलं घर त्या तासाला शेजाऱ्याइतकंच ग्रिडवर लटकलेलं असतं. म्हणून मी डिझाइन करताना वर्षाचा आकडा नंतर बघतो, आधी उणे ३०च्या रात्री घराला किती किलोवॅट लागणार ते विचारतो.

पायरी १: लॉट आणि तोंड

इथे आपल्या लोकांचं गाडं वास्तूवर येऊन अडतं. दक्षिणमुखी घर नको. ठीक आहे, भांडायचं कशाला, उलट ही अट आपल्या फायद्याची आहे. रस्ता उत्तरेला आणि बॅकयार्ड दक्षिणेला असा लॉट शोधा. मुख्य दार उत्तरेला, वास्तूवाले खूश, आणि घराच्या मागच्या बाजूला दक्षिणेकडे हॉल-डायनिंगच्या मोठ्या खिडक्या, सूर्य खूश. गॅरेज, जिने, बाथरूम, पँट्री उत्तरेला टाकायचं.

सूर्य इथे किती खाली असतो याचा अंदाज पुण्या-मुंबईहून आलेल्याला पटकन येत नाही. २१ डिसेंबरला भर दुपारी पुण्यात सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांवर असतो, एडमंटनला फक्त १३. म्हणजे दक्षिणेला जवळच दुमजली घर किंवा स्प्रूसच्या झाडांची रांग असेल तर हिवाळाभर तुमच्या खिडकीत ऊनच येणार नाही. लॉट बघायला डिसेंबरात दुपारी १२-१ला जा, बर्फात सावली कुठवर येते ते तिथेच दिसतं.

पायरी २: आकार

सरळ डबा. दुमजली, चौकोनी, साधं छत. शोरूममधल्या घरांना जे बाहेर आलेले कोपरे, बे विंडो, तीन-चार छतं असतात ना, त्यातला प्रत्येक कोपरा म्हणजे जास्त भिंत, जास्त सांधे, जास्त गळती. आणि गॅरेजवरची बोनस रूम टाळा. इथे ती फॅशनच आहे, पण खालून थंड गॅरेज, तीन बाजूंनी बाहेरची हवा, आणि फ्लोअरच्या पोकळीत नीट न भरलेलं इन्सुलेशन. जानेवारीत त्या खोलीत मोजे घालून पण पाय गार पडतात.

पायरी ३: भिंत, छत, बेसमेंट

नेहमीची भिंत म्हणजे २x६ची (इंचात) लाकडी फ्रेम आणि मध्ये फायबरग्लास, त्याच्या गादीवर, म्हणजे बॅटवर, लिहिलेलं असतं आर-२०. पण लाकूड स्वतः इंचाला आर सव्वाच्या आसपास, त्यामुळे प्रत्येक स्टडमधून, म्हणजे उभ्या लाकडातून, उष्णता पळते आणि अख्ख्या भिंतीचा खरा आकडा आर-१६-१७ पडतो. कोटेशनवर कायम "इफेक्टिव्ह" आर-व्हॅल्यू मागा, पाकिटावरची नको.

इथे लोकल क्रूंना जमणारा आणि परवडणारा मार्ग म्हणजे डबल स्टड भिंत. २x४च्या दोन भिंती, मध्ये फट, एकूण जाडी १२ इंच, आणि पूर्ण पोकळीत दाबून भरलेलं सेल्युलोज. सेल्युलोज म्हणजे जुन्या वर्तमानपत्रांचा कोरडा भुगा, आग-कीड लागू नये म्हणून बोरेट घातलेला. इंचाला आर-३.६ धरला तर आर-४०च्या पुढे जातं आणि लाकूड आरपार जात नाही. याचाच चुलतभाऊ म्हणजे लार्सन ट्रस, तो तर एडमंटनच्याच एका बिल्डरने १९८१च्या सुमारास काढला. दुसरा मार्ग म्हणजे २x६ भिंतीला बाहेरून चार-सहा इंच मिनरल वूल, ते पण उत्तम, पण खिडक्यांचं डिटेलिंग येणारा माणूस हवा. स्प्रे फोम सगळीकडे मारणाऱ्याकडे मी जात नाही. महाग पडतं, आणि फोमच्या उत्पादनातला कार्बन बघितला तर एमिशनचा हिशोब सुरुवातीलाच मागे जातो. रिम जॉइस्टसारख्या (मजल्याच्या कडेची तुळई) अवघड जागी थोडा वापरा, बस.

छताला आर-८०. सैल सेल्युलोज उडवून भरायचं असतं त्यामुळे सगळ्यात स्वस्तात मिळणारं इन्सुलेशन हेच. फक्त ट्रस, म्हणजे छताच्या लाकडी कैच्या, मागवतानाच "रेझ्ड हील", म्हणजे कडेला उंच, सांगा. साध्या ट्रसमध्ये भिंतीच्या वर, छताच्या कडेला चार-सहा इंचच जागा उरते, तिथे इन्सुलेशन बसत नाही, तिथून उष्णता जाते, वरचा बर्फ वितळतो, पाणी पागोळीपाशी येऊन परत गोठतं आणि मग शिंगल्सच्या खालून पाणी आत. ट्रसची ऑर्डर गेल्यावर हे आठवून उपयोग नाही.

बेसमेंटचं सगळे विसरतात. स्लॅबच्या खाली चार-पाच इंच फोम घाला, इथे फोम चालेल, बेसमेंटच्या भिंतीला आर-२८च्या आसपास. आणि स्लॅब ओतायच्या आधी खडीत रेडॉनचा पाइप टाकून तो वर छताबाहेर काढायची सोय करून घ्या. रेडॉन हा जमिनीतून येणारा किरणोत्सारी वायू, प्रेअरीजमध्ये प्रमाण बऱ्यापैकी असतं, कॅनडाची मर्यादा हवेच्या घनमीटरला २०० बेकरेल. स्लॅब ओतण्याआधी हा पाइप किरकोळ खर्चात होतो, नंतर काँक्रीट फोडावं लागतं.

पायरी ४: हवा कुठून गळते

यावर थोडा वेळ घालवू, कारण आपल्याकडे हा प्रकारच नसतो. मुंबईत भिंतीला भोक असलं तर हवा येते म्हणून बरंच वाटतं. इथे घरातली गरम दमट हवा त्या भोकातून भिंतीत शिरते, बाहेरच्या थंड प्लायपर्यंत, म्हणजे शीदिंगपर्यंत पोचते, तिथे तिचं पाणी होतं, बर्फ होतो, आणि मार्च-एप्रिलमध्ये वितळून भिंत आतल्या आत कुजायला लागते. इन्सुलेशन जितकं जाड तितकं शीदिंग थंड, म्हणून जाड भिंतीत गळती जास्त घातक.

उपाय म्हणजे उबदार बाजूला ६ मिलचं (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) पॉलिथिन, प्रत्येक जोड अकूस्टिकल सीलंटने चिकटवलेला. हे सीलंट काळं, कधीच न सुकणारं, कपड्याला लागलं की कपडा फेकायचा. डबल स्टडमध्ये एक युक्ती करता येते, पॉली आतल्या २x४ भिंतीच्या मागच्या बाजूला लावायचं, मग वायरिंग, स्विचबोर्ड सगळं त्या साडेतीन इंचात बसतं आणि पॉलीला एकही भोक पडत नाही. नियम लक्षात ठेवा, एकूण इन्सुलेशनपैकी निदान दोन तृतीयांश पॉलीच्या बाहेर हवं, नाहीतर पॉलीच थंड पडेल आणि तिच्यावरच पाणी धरेल.

मोजायचं कसं? ब्लोअर डोअर टेस्टने. दारात मोठा पंखा लावून आत-बाहेर ५० पास्कलचा दाबाचा फरक तयार करतात आणि तासाला घरातली हवा किती वेळा बदलते ते बघतात. इथलं साधं नवीन घर दोन ते तीनच्या घरात येतं, आर-२००० या कॅनडाच्या घरांच्या स्टँडर्डला (हा आर-व्हॅल्यूचा आकडा नव्हे) १.५ लागतं, पॅसिव्ह हाउसला ०.६. एकच्या खाली आलात तर छान, ०.६ आलात तर पेढे वाटा.

पण ही टेस्ट ड्रायवॉल चढायच्या आधी करा, म्हणजे करारातच लिहून घ्या, बिल्डर शेवटी एकदा करून सर्टिफिकेट हातात देतात त्याचा दुरुस्तीला काही उपयोग नसतो. आधी केली की तेव्हाच घरभर उदबत्ती घेऊन फिरता येतं. पंखा घरातली हवा बाहेर खेचत असतो, तुम्ही उदबत्ती खिडकीच्या फ्रेमच्या खालच्या कोपऱ्याशी नेली की सरळ वर जाणारी धुराची रेघ एकदम आडवी होऊन खोलीकडे वळते, म्हणजे तिथून बाहेरची हवा आत येतेय. मार्करने गोल करा, पुढे चला. रिम जॉइस्ट, ॲटिकचं, म्हणजे छताखालच्या पोकळीचं झाकण, बाथरूम फॅनचा डक्ट, मेन पॅनलची वायर जिथून आत येते ती जागा, बेसमेंटचा संप, हे नेहमीचे गुन्हेगार. एक संध्याकाळ, एक पुडा उदबत्ती आणि दोन ट्यूब सीलंट एवढ्यात आकडा चांगला खाली येतो.

पायरी ५: खिडक्या

ट्रिपल ग्लास, मध्ये आर्गॉन वायू, उष्णता परत फेकणारं लो-ई कोटिंग, फ्रेम फायबरग्लास किंवा चांगली व्हिनाइल. उघडायची खिडकी केसमेंट (दारासारखी उघडणारी) किंवा टिल्ट-टर्न घ्या, सरकती नको, तिचं सील कधीच घट्ट राहत नाही. दक्षिणेच्या काचेला ऊन आत घेणारी काच, म्हणजे एसएचजीसी जास्त, आणि पश्चिमेला कमी. दुकानदार सगळीकडे एकच काच देतो कारण त्याला तेच सोपं.

दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा काढा. जूनमध्ये दुपारचा सूर्य ६० अंशांवर, तेव्हा हा छज्जा साडेतीन फूट सावली पाडतो, डिसेंबरात जेमतेम साडेपाच इंच. फुकटातलं मशीन. पश्चिमेला मात्र छज्जा काही कामाचा नाही, जूनमध्ये इथे रात्री दहापर्यंत ऊन असतं आणि ते आडवं आत घुसतं, तिथे खिडक्याच कमी ठेवा. जाड भिंतींच्या घरात खरा त्रास जुलैत उकाड्याचा होतो, जानेवारीत थंडीचा नाही, हे राहायला गेल्यावर कळतं.

आता हिशोब मांडू

साधारण १६० चौरस मीटरचं दुमजली घर आणि खाली बेसमेंट. बाहेर उणे ३०, आत २०, फरक ५० अंश. आर-४०च्या २०० चौरस मीटर भिंतीतून जातात १.४ किलोवॅट. २५ चौरस मीटर खिडक्यांतून, चांगल्या ट्रिपल असूनही, १.१ किलोवॅट. नीट बघा, आठपट क्षेत्रफळाच्या भिंतीच्या जवळपास जातो आकडा. छत ०.३, बेसमेंट अर्ध्याच्या थोडं वर, गळती ०.३, व्हेंटिलेशन ०.९. एकूण साडेचार-पावणेपाच किलोवॅट. आणि साध्या घराला इथे हीटिंगवाला जी फर्नेस बसवतो ती ६०-८० हजार बीटीयूची, म्हणजे १८ ते २३ किलोवॅट. आपलं अख्खं घर उणे तीसमध्ये तीन हेअर ड्रायरवर चालतं म्हणा ना.

हा हिशोब तुमच्या घरासाठी एनर्जी ॲडव्हायजरकडून करून घ्या, हीटिंगचा एफ-२८० पद्धतीने आणि वर्षाचा हॉट-२००० सॉफ्टवेअरने, आणि हे परमिटच्या आधी, ड्रॉइंग बदलता येतंय तोवर.

पायरी ६: ताजी हवा आणि आपलं स्वयंपाकघर

इतकं बंद घर म्हणजे एचआरव्ही किंवा ईआरव्ही, म्हणजे घरातली हवा बदलणारं मशीन, लागणारच. बाहेर जाणाऱ्या हवेची उष्णता आत येणाऱ्या हवेला देतं, पाऊणभर तरी वाचते. स्पेसिफिकेशन बघताना ० अंशांचा आकडा बघू नका, उणे २५चा कॉलम बघा, काही मशीनचा तिथेच फुगा फुटतो. प्रेअरीजच्या कोरड्या हवेत मी ईआरव्ही घेईन, ते ओलावा पण परत आणतं, नाहीतर फेब्रुवारीत ओठ फुटतात आणि दाराला हात लावला की शॉक. फिल्टर मात्र मर्व्ह-१३, म्हणजे बारीक कण अडवणारा, बसेल असं बघा, उन्हाळ्यात जंगलांच्या वणव्याचा धूर येतो तेव्हा आठवण काढाल.

खरा प्रश्न फोडणीचा. मोहरी-हिंग-मिरची पडली, ठसका लागला, की आपण हूड, म्हणजे चिमणी, फुल करतो. ४०० सीएफएमचा (मिनिटाला ४०० घनफूट हवा ओढणारा) हूड बाहेर उणे ३० असताना फुल चालवला तर जेवढी गरम हवा बाहेर जाते ती परत तापवायला ११ किलोवॅटच्या आसपास लागतात. अख्ख्या घराच्या हीटिंगच्या दुपटीहून जास्त! आणि घट्ट घरात एवढी हवा येणार कुठून, मग ती बाथरूमच्या डक्टमधून, दाराच्या फटीतून शिट्ट्या मारत येते किंवा हूड नुसताच आवाज करतो. पॅसिव्ह हाउसवाले सांगतात कोळशाचा फिल्टर असलेला, हवा घरातच फिरवणारा हूड लावा. युरोपियन सूपला ठीक आहे हो, बोंबील तळून बघा म्हणावं.

म्हणून मला पटलेला मार्ग असा. इंडक्शन शेगडी, म्हणजे गॅसचा स्वतःचा धूर आणि ओलावा गेला. हूड भिंतीला लागून, खोल, शेगडीपेक्षा थोडा रुंद, २०० सीएफएमच्या आसपास आणि बाहेर सोडणारा. तळण मागच्या बर्नरवर. हूड चालू झाला की आपोआप उघडणारा, बाहेर गेलेल्या हवेची भरपाई करणारा मेकअप एअर डँपर आणि त्यावर छोटा हीटर. बजेट असेल तर स्पाइस किचन, म्हणजे फोडणी-तळणासाठी वेगळं छोटं स्वयंपाकघर, करा, इथे बिल्डर देतातच, पण त्याला नीट बंद होणारं दार हवं, नुसतं कमान ठेवून उपयोग नाही. पोळ्यांसाठी इंडक्शनवर चालणारा जड तवा लागतो. फुलके थेट आचेवर फुगवायची सवय मात्र सोडावी लागेल, त्यावर इलाज नाही. देवघर एचआरव्हीच्या ताजी हवा खोलीत सोडणाऱ्या जाळीशेजारी नको, खोलीतली हवा बाहेर खेचणाऱ्या जाळीजवळ ठेवा, उदबत्ती-धुपाचा वास घरभर साठत नाही.

पायरी ७: हीट पंप आणि गरम पाणी

कोल्ड क्लायमेट एअर सोर्स हीट पंप. ब्रोशरवर मोठ्या अक्षरात असतो तो आकडा ८ अंशांचा, आपल्याला हवा उणे २५ आणि उणे ३०चा. त्या थंडीत क्षमताही कमी होते आणि एका युनिटला दीड-पावणेदोन युनिटच उष्णता मिळते. साडेचार किलोवॅटच्या घराला उणे २५ला चार किलोवॅट देणारा पंप आणि डक्टमध्ये पाच किलोवॅटचा साधा इलेक्ट्रिक बॅकअप पुरतो. बॅकअप वर्षात थोडेच दिवस लागतो. हीटिंगवाला सवयीने मोठं मशीन सुचवेल, एफ-२८०चा कागद पुढे करा. जमिनीत बोअर मारून जिओथर्मल इतक्या कमी लोडला परवडत नाही, ते पैसे भिंतीत घाला.

बाहेरचं युनिट स्टँडवर, बर्फाच्या वर ठेवा, आणि पायवाटेवर नको. डीफ्रॉस्टचं पाणी खाली टपकतं आणि तिथेच गोठतं, कुणीतरी घसरतंच. रात्री थर्मोस्टॅट खाली आणायची फर्नेसची सवय पण सोडा, सकाळी परत तापवायला बॅकअप पेटतो.

पाण्यासाठी हीट पंप वॉटर हीटर, तो बेसमेंटची हवा थोडी गार करतो, हिवाळ्यात ती उष्णता शेवटी घराच्या हीटिंगमधूनच येते, तरी साध्या इलेक्ट्रिक टाकीपेक्षा बरा. शॉवरच्या ड्रेनला तांब्याचा हीट रिकव्हरी पाइप लावतात, जाणाऱ्या गरम पाण्यावर येणारं थंड पाणी तापतं, जवळपास निम्मी उष्णता परत मिळते. पण ते दोन्ही पाणी एकाच वेळी वाहत असतील तरच. घरात कुणी बादली भरून तांब्याने अंघोळ करणारं असेल तर त्या पाइपचा शून्य उपयोग, आई-बाबा सहा महिने राहायला येणार असतील तर विचार करून पैसे घाला.

पायरी ८: आता पॅनल

वरच्या घराला वर्षभरात हीटिंगला हीट पंपची अंदाजे २,५०० युनिट, पाण्याला १,५०० ते २,०००, दिवे-फ्रिज-शेगडी-एचआरव्ही मिळून ४,०००-५,०००. म्हणजे नऊ हजारांच्या आसपास. एडमंटनला नीट दक्षिणेकडे कललेल्या एका किलोवॅटमागे वर्षाला साधारण १,१५० ते १,२०० युनिट मिळतात, त्यामुळे आठ किलोवॅट, ४०० वॅटची २० पॅनल, ४० चौरस मीटर छत. हेच घर नेहमीच्या भिंतींचं असतं तर छत पुरलं नसतं. इलेक्ट्रिक गाडी असेल तर तीन-साडेतीन हजार युनिट वाढवा.

छताचं एक मोठं दक्षिणेकडचं पातं मोकळं ठेवा, प्लंबिंगचे व्हेंट पाइप उत्तरेकडून काढायला सांगा, हे ड्रॉइंगवर पेन्सिलीने होतं आणि सगळे विसरतात. छतापासून पॅनलबोर्डपर्यंत रिकामा कंड्युइट टाकून ठेवा. बर्फ झाडायला छतावर चढू नका, डिसेंबर-जानेवारीत मुळात वर्षातला अगदी छोटा हिस्सा तयार होतो, दिवसच साडेसात तासांचा, त्यासाठी कंबर मोडून घेण्यात अर्थ नाही. पॅनल बसवलेल्या छतावरून बर्फ सरकतो तेव्हा खाली मुख्य दार नको, एवढं बघा. अल्बर्टात मायक्रो-जनरेशनच्या, म्हणजे घरच्या वीजनिर्मितीच्या, नियमात स्वतःच्या वार्षिक वापराइतकंच सोलर लावता येतं, म्हणून अर्जात पुढे येणाऱ्या गाडीचा वापर पण दाखवा. उन्हाळ्यात जास्त विक्रीदर आणि हिवाळ्यात कमी खरेदीदर अशी अदलाबदल करू देणारे रिटेलर आहेत, ते शोधा, बिलात मोठा फरक पडतो.

पैसे कमी पडत असतील तर पॅनल पुढे ढकला, घर "नेट झिरो रेडी" ठेवा. किचन काउंटरचा क्वार्ट्झ पण पुढे ढकला. खिडक्या आणि भिंत ढकलू नका.

राहायला गेल्यावर

पहिल्या हिवाळ्यात आतला दमटपणा ३०-३५ टक्क्यांवर ठेवा, उणे ३०ला त्याहून कमी. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात सकाळी बोटभर बर्फाची रेघ दिसली तर दमट जास्त झालंय, एचआरव्ही वाढवा, पडदे काचेपासून थोडे दूर घ्या म्हणजे काचेला उबदार हवा लागेल. कपडे घरात वाळत घालायचे असतील तर ते बाथरूमच्या एक्झॉस्टजवळ. इन्स्टॉलरकडून एचआरव्हीचं बॅलन्सिंग करून त्याचे आकडे लिहून घ्या, नुसतं बसवून निघून जातात. फिल्टर दर तीन महिन्यांनी, वणव्याच्या धुरात महिन्याला. रेडॉनची टेस्ट पहिल्याच हिवाळ्यात, निदान तीन महिन्यांची, बेसमेंटमध्ये. आकडा २००च्या वर आला तर आधी टाकून ठेवलेल्या त्या पाइपला पंखा लावायचा, एका दिवसाचं काम.